येताना काय भरायचं?

दादा पंधरा वर्षं मोटारसायकलवरून दूध वाहत होता आणि पंधरा वर्षांत एकदाही पडला नव्हता. पावसात नाही, चिखलात नाही, उतारावर ब्रेक गेला तेव्हाही नाही. पडला तो घरात, स्टुलावरून, बल्ब बदलताना. त्यातही बल्ब गेलेला नव्हताच. लाइट गेली होती.

मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाला, दोन महिने. दादाने विचारलं, "आणि गाडी?"

"गाडीला काही झालेलं नाही," डॉक्टर म्हणाला.

सगळ्या वस्तीचा तो दादा, म्हणून त्याची बायको सगळ्या वस्तीची वहिनी. वस्ती म्हणजे अकरा घरं. पहाटे धारा झाल्या की अकरा घरांचं दूध साडेपाचपर्यंत दादाच्या अंगणात यायचं. तो ते मापून दोन मोठ्या कॅनमध्ये ओतायचा, गाडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकड्यांत कॅन अडकवायचा आणि सहा किलोमीटरवरच्या संकलन केंद्रावर पोचवायचा. सातला टँकर निघायचा. टँकर कुणासाठी थांबत नसे. दिवस उन्हाळ्याचे, त्यामुळे दूधही थांबत नसे. आठ वाजले की त्याला वास यायचा.

पहिले चार दिवस टेम्पोवाल्याने दूध नेलं. तो विटा वाहायचा. पाचव्या दिवशी तो आलाच नाही. वहिनी दोन कॅनच्या मधे उभी राहून रस्त्याकडे बघत होती, आणि अकरा घरं आपापल्या दारात उभी राहून वहिनीकडे बघत होती. नऊ वाजता दूध फाटलं. ऐंशी लिटर. ते उकिरड्यावर ओतताना प्रत्येक घरातून कुणी ना कुणी येऊन उभं राहिलं. बोललं कुणीच नाही, एवढीच काय ती मेहेरबानी.

टेम्पोवाल्याने मात्र दुसऱ्याच दिवशी केंद्रावर जाऊन सेक्रेटरीला सांगितलं, "मेहेरबानीवर किती दिवस नेणार? मलाच लावून द्या की वस्तीची फेरी." सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता, फक्त जाड होता आणि घाईत असायचा. त्याने निरोप पाठवला, तोवर टेम्पो दूध नेईल, पण एक तारखेपासून दादाच्या घरातलं कुणीतरी दूध पोचवणार असेल तर ठीक, नाहीतर फेरी टेम्पोकडे. एकदा गेलेली फेरी प्लास्टर निघालं म्हणून परत मिळत नसते, हे दादाला माहीत होतं. त्यालाही ती दुसऱ्या कुणाचा पाय मोडला तेव्हाच मिळाली होती.

एक तारखेला बारा दिवस होते. घरातलं कुणीतरी म्हणजे कोण, याची मोजदाद झाली. दादा खाटेवर. सासूबाईंना गुडघे आणि मोतीबिंदू. मुलगी तिसरीत. तीन म्हशी. वस्तीवरचे गाडी येणारे पुरुष पहाटे पाचलाच कारखान्याच्या पाळीला जायचे.

"राहिलं कोण?" दादा म्हणाला.

वहिनी भाकरी थापत होती. तिने वर बघितलं नाही. म्हशींनीही बघितलं नाही.

दादाने खाटेवरूनच शिकवायला घेतलं. तिला समोर स्टुलावर बसवलं. स्टूल तेच. हातात लाटणं दिलं, डाव्या पायाखाली वीट ठेवली.

"हे हँडल. उजवी मूठ पिळली की गाडी पळते. डाव्या हाताला क्लच. वीट म्हणजे गिअर. चल, जा केंद्रावर."

वहिनी लाटणं धरून केंद्रावर निघाली. भिंतीवरच्या पालीकडे बघत होती. जरा वेळाने दादाने विचारलं, "पोचलीस?"

"पोचले."

"पुलापाशी गिअर खाली घेतलास?"

"पूल लागलाच नाही."

"म्हणजे चुकलीस. परत फिर."

असे दोन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती लाटण्यावर सफाईदार जाऊन येत होती. "हात बसला तुझा," दादा म्हणाला. तिलाही तसंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी तिने दादाची जुनी पँट घातली, कमरेला सुतळी बांधली आणि खरी गाडी अंगणात काढली. पहिल्या किकला पाय घसरला आणि किक उलटी येऊन नडगीवर बसली. दुसऱ्यांदा गाडी चालू झाली आणि क्लच सोडताच पुढे उडी मारून बंद पडली. तिसऱ्यांदा तेच. चौदाव्यांदा गाडी चालू राहिली, आणि त्यानंतर जे झालं ते वस्तीवर कुणी पाहिलेलं नव्हतं. गाडी पुढे जाई, अडे, पुढे जाई, अडे. ढेकर दिल्यासारखी. वहिनीची मान कोंबडीसारखी मागेपुढे होत होती.

"क्लच सोड!" दादा ओरडला.

"सोडतेय!"

"मग परत का दाबतेस? आणि ब्रेक कशाला?"

"मी कुठे दाबतेय! हातच दाबतायत!"

गाडी कडब्याच्या गंजीत शिरली आणि तिथे शांत झाली. गोठ्याच्या दारात सासूबाई बसल्या होत्या. त्यांना दिसत नव्हतं, पण इंजिनाचा आवाज त्यांनी मान तिरकी करून ऐकला होता.

"अगं, तू तिची धार काढतेयस," त्या म्हणाल्या.

तसंच होतं ते. वीस वर्षं पहाट-संध्याकाळ डावी मूठ, उजवी मूठ, डावी मूठ, उजवी मूठ. घाबरलं की वहिनीचे हात आपल्या ओळखीच्या कामाला लागत होते. डाव्या मुठीत क्लच, उजव्या मुठीत ब्रेक. ती दोन्ही आळीपाळीने पिळत होती, अगदी एका तालात, आणि तोंडाने हळूच "ओ बाई, ओ" म्हणत होती. गाडीने पान्हा सोडला नाही, एवढंच.

कळलं म्हणून काही सुटलं नाही. चौथ्या दिवशी ती विहिरीच्या कठड्याला थडकली. पाचव्या दिवशी उजव्या पोटरीला सायलेन्सरचा चटका बसला, खोबऱ्याच्या कवडीएवढा फोड आला. सहाव्या दिवशी गाडी अंगावर पडली आणि ती शेणात दोन मिनिटं तशीच पडून राहिली, कारण उठलं की परत शिकावं लागणार होतं. मनगटं सुजली. संध्याकाळी धारेला बसली की मूठ वळेना. म्हैस मागे वळून बघायची आणि दूध चोरायची.

सल्ला मात्र भरपूर होता. "नजर लांब ठेवायची," एक शेजारीण म्हणाली. तिने आयुष्यात सायकलही हातात धरली नव्हती. "गाडीला कळतं, वर बसलेला भितोय," असं शेजारचे आजोबा म्हणाले. ते रोज खुर्ची घेऊन येत. दादा खाटेवरून ओरडून ओरडून घोगरा झाला होता. एकदा त्याने रागाने चप्पल फेकली. मग ती आणून द्यायलाही वहिनीलाच बोलावलं.

"तुम्हीच या ना उतरून!" वहिनी म्हणाली. चप्पल तिने दिली नाही. लांब ठेवली, दिसेल अशी.

"सहा दिवस झाले! शेंबड्या पोरांना दोन दिवसांत येते!"

"शेंबड्या पोरांनी वीस वर्षं धारा काढलेल्या नसतात!"

"मग सांगू का टेम्पोवाल्याला, ने म्हणून?"

वहिनी गोठ्यात गेली आणि शेण काढू लागली, जे सकाळीच काढून झालं होतं.

तेव्हा सासूबाई भिंतीला धरून उठल्या. "तिला रिकामी गाडी कशाला शिकवतोस रे?" त्या लेकाला म्हणाल्या. "ती काय हवा खायला जाणार आहे? जाणार ओझं घेऊन. मग ओझ्यानिशी शिकव."

"रिकामी झेपेना, ती भरलेली झेपणार?"

"पाणी भर त्या कॅनमध्ये."

दादाने कपाळावर हात मारला. पण त्याचा एक पाय प्लास्टरमध्ये आणि चप्पल लांब. वहिनीने विहिरीचं पाणी शेंदून दोन्ही कॅन काठोकाठ भरले, झाकणं ठोकली आणि शेजारणीला हाताशी घेऊन आकड्यांत अडकवले. गाडी मागून खाली बसली. वहिनी चढली. क्लच सोडला. हातांनी आपला खेळ केला, डावी, उजवी, पण एवढ्या वजनाच्या गाडीला त्याचं काही वाटलं नाही. तिने एक हिसका गिळला आणि चालू लागली. ती चालतेय म्हटल्यावर हातही थांबले.

ओझं घेतल्यावर वहिनीचं अंग सरळ झालं. जन्मात ती कधी मोकळ्या हाताने चाललीच नव्हती. डोक्यावर भारा, कमरेवर घागर, काखेत मूल, काहीतरी असायचंच, आणि असलं की पाय आपोआप नीट पडायचे. गाडी वस्तीच्या मागच्या वाटेने गेली, बाभळीला वळसा घालून परत आली आणि गोठ्याच्या खांबाशी थांबली. आजोबा खुर्चीतून उठून उभे राहिले.

"तरी पण नजर लांब ठेव," शेजारीण म्हणाली.

दहाव्या दिवशी ती खरं दूध घेऊन निघाली. मान ताठ, दात घट्ट, तिसऱ्या गिअरपर्यंत. वाटेत पूल लागला. सात वाजायला दहा कमी असताना तिने कॅन केंद्राच्या ओट्यावर उतरवले. मशीन लावलं, फॅट नेहमीची लागली. टेम्पोवाला ओट्याशी चहा पीत होता, त्याने कप खाली ठेवला.

"वा वहिनी," सेक्रेटरी म्हणाला, "जमलं की!"

रिकामे कॅन अडकवून वहिनीने किक मारली, क्लच सोडला आणि गाडी दावं सुटलेल्या वासरासारखी उधळली. डावी मूठ, उजवी मूठ. केंद्राच्या आवारात, भरल्या गर्दीत, ती ढेकरा देत तीन उड्या गेली आणि सूचनाफलकाला मिठी मारून आडवी झाली. कॅन घंटांसारखे वाजले. चाळीस माणसं हसली. टेम्पोवाल्याने तिला उचलायला हात दिला. तो हात तिला फलकापेक्षा जास्त लागला.

ती उठली. कपडे झटकले. मग कुणाशी न बोलता आवारातल्या नळाशी गेली आणि दोन्ही कॅन पाण्याने काठोकाठ भरले. आकड्यांत अडकवायला दोन माणसं पुढे झाली, काय चाललंय ते न कळता. ती सरळ रेषेत घरी गेली. घरी सासूबाईंनी ते पाणी म्हशींच्या हौदात ओतलं.

मग हेच सुरू झालं. जाताना दूध, येताना पाणी.

दोन दिवसांत बोलणं उठलं. दुधाच्या कॅनमध्ये पाणी भरणारी बाई चाळीस माणसांनी डोळ्यांनी पाहिली होती, आता पुरावा आणखी काय पाहिजे? दारात विहीर असलेल्या बाईने भेसळीचं पाणी सहा किलोमीटरवरून का न्यावं, हा प्रश्न कुणीतरी काढला. त्याचंही उत्तर टेम्पोवाल्याकडे होतं.

"विहिरीचं पाणी मशीन पकडतं. केंद्राचं पाणी केंद्राच्या मशीनला ओळखीचं असतं. ते पकडत नाही."

लोकांना हे पटलं. फॅट काढणाऱ्या माणसालाही जरा पटलं. त्याने त्या दिवशी मशीन दोनदा पुसलं.

एक तारखेला सकाळी टँकर गेल्यावर सेक्रेटरीने तिला ओट्यापाशी थांबवलं. आवारात नेहमीपेक्षा जास्त माणसं रेंगाळत होती. टेम्पोवाला पेंडीच्या पोत्यांच्या थप्पीला टेकून उभा होता. महिन्याची पेंड त्याच दिवशी केंद्रातून त्याच्या टेम्पोने वस्तीवर जायची.

"वहिनी, हे पाण्याचं काय आहे?"

"गाडीला लागतं."

"गाडीला पेट्रोल लागतं," टेम्पोवाला म्हणाला. माणसं हसली.

"रिकामी चालत नाही माझ्याच्याने," वहिनी म्हणाली. हे वाक्य तिने मनात पुष्कळदा म्हणून पाहिलं होतं. मनात ते एवढं येडपट वाटलं नव्हतं.

सेक्रेटरीने डोकं खाजवलं. "हे बघा, मला वर उत्तर द्यावं लागतं. नळ बंद. कॅन रिकामे घेऊन आवारात एक चक्कर मारून दाखवा. आली गाडी, तर फेरी तुमची, कोण काय बोलतं ते मी बघतो. नाही आली, तर आजपासून टेम्पो. बोला."

 तिने किक मारली. सगळं आवार ओठ मिटून उभं होतं. हसण्याची तयारी असली की माणसं ओठ असेच मिटतात. तिने हातांकडे बघितलं. गप्प बसा, तिने त्यांना सांगितलं, आजच्या दिवस गप्प बसा. क्लच हळू, अगदी हळू सोडला. गाडी दोन हात नीट गेली. मग डावी मूठ. मग उजवी.

या वेळी गुडघा फुटला. पँटला भोक पडलं आणि त्यातून रक्त दिसायला लागलं. गाडी तिनेच उचलली, एकटीने, कुणाला हात लावू दिला नाही.

"जाऊ द्या वहिनी," टेम्पोवाला सावकाश म्हणाला, "बायकांचं कामच नाही ते. दादाला सांगा, मी नेईन नीट."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं. मग सेक्रेटरीकडे. सेक्रेटरीकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली, वरून खालपर्यंत, बाजारात म्हैस बघतात तसं.

"साहेब, तुमचं वजन किती?"

"काय?"

"नव्वद असेल?"

"ब्याण्णव," फॅट काढणारा म्हणाला. केंद्रातल्या काट्यावर साहेब अधूनमधून उभे राहतात, हे त्याला माहीत होतं.

"मग बसा मागे. पाणी नको, नळ नको. कॅन रिकामे राहू द्या. तुम्ही बसा, मी चक्कर मारून दाखवते."

सेक्रेटरीने इकडेतिकडे बघितलं. नाही म्हणायला त्याला काही सापडेना, कारण चक्कर मारून दाखवा हे त्यानेच म्हटलं होतं. तो दोन कॅनच्या मधे चढून बसला. गाडी मागून खाली बसली. वहिनीची पाठ सरळ झाली.

गाडी सुटली ती लोण्यातून सुरी जावी तशी. पहिला, दुसरा. ओट्याला वळसा झाला. माणसं बाजूला सरली. "बास, बास," सेक्रेटरी म्हणाला, "कळलं, थांबा आता."

"हलू नका."

"थांबा म्हणतो ना!"

"साहेब, बोलू नका. पाणी बोलत नाही."

गाडी फाटकातून बाहेर पडली. वहिनीला थांबता येत होतं, पण दोनच ठिकाणी, केंद्राच्या ओट्याशी आणि घरच्या खांबाशी. ओटा मागे राहिला होता. तिसरा गिअर पडला. सेक्रेटरीने दोन्ही हातांनी दोन कॅन धरले. रस्त्याने येणारीजाणारी माणसं त्याला नमस्कार करत होती आणि त्याला हात सोडता येत नव्हता. पुलावर त्याने डोळे मिटले.

वस्तीवर अकराही घरं बाहेर आली. गाडी खांबाशी थांबली. दादाने खाटेवरून उठायचा प्रयत्न केला, जमला नाही, म्हणून पडल्या पडल्याच नमस्कार केला. सासूबाई रोजच्यासारख्या बादली घेऊन चाचपडत गाडीपाशी आल्या. हात कॅनच्या झाकणाकडे जाताना सेक्रेटरीच्या पोटाला लागला.

"आज पाणी नाही का आणलंस?"

"नाही. आज साहेबांना आणलंय."

सासूबाईंनी पोट पुन्हा एकदा चाचपून खात्री केली. "मग म्हशींच्या हौदात काय ओतू?"

सेक्रेटरीने हौद बघितला. हौदाच्या तळाला कालचं पाणी होतं आणि तीन म्हशी त्याच्याकडे नाराजीने बघत होत्या. त्याने दोन्ही कॅन सोडले आणि तो खाली उतरला. 

"रोज हौदात ओतता?"

"नाहीतर काय डोक्यावर?" सासूबाई म्हणाल्या.

त्याला तांब्याभर पाणी दिलं. ते पिऊन तो म्हणाला, "आता मला केंद्रावर सोडणार कोण?"

"मीच," वहिनी म्हणाली. ती गुडघ्याला चिंधी बांधत होती. "तुम्ही मागे असलात की मला काही अडचण नाही. पण तुम्हाला सोडल्यावर मी परत कशी येऊ?"

 आजोबांनी खुर्ची पुढे सरकवली. दादा म्हणाला, "परत साहेबांनाच घेऊन ये." ही चेष्टा नव्हती. पाय मोडल्यापासून दादा चेष्टा करत नव्हता.

सेक्रेटरीने घड्याळ बघितलं, मग रस्ता बघितला, मग ते दोन रिकामे कॅन. तो केंद्र चालवणारा माणूस होता. रिकामी गाडी वस्तीवर येते आणि भरलेला टेम्पो तिच्या मागून येतो, हे त्याला आत्ता, दुसऱ्याच्या अंगणात बसून, पहिल्यांदा दिसत होतं.

"पेंडीचं पोतं पन्नास किलोचं असतं," तो म्हणाला. "पोतं सीटवर आडवं बांधलं तर?"

"पन्नास कमी पडतील," वहिनी म्हणाली. "दीड पोतं लागेल."

"दोन नेता येतील?"

"दोन द्या."

केंद्रावर परत पोचले तेव्हा टेम्पोवाल्याने वस्तीची बावीस पोती भरून झाली होती आणि तो घाम पुसत होता. सेक्रेटरी गाडीवरून उतरला, दोन पावलं वाकडी चालला, मग सरळ झाला.

"खाली घे ती."

"साहेब?"

"पेंड आता वस्तीच्या फेरीबरोबर जाईल. रोज दोन. संपली की नळ आहेच. घे खाली."

टेम्पोवाल्याने माणसांकडे बघितलं. माणसांनी नळाकडे बघितलं. तो एकेक पोतं उतरवू लागला. वीस थप्पीला लागली. उरलेली दोन त्यालाच गाडीवर चढवावी लागली, कारण वहिनीने हँडल धरलं होतं आणि तिथे तिसरं कुणी पुढे होईना. त्याने दोरी दोनदा फिरवली, घाईने गाठ मारली आणि हात झटकले.

वहिनी मागे वळली. गाठीत बोट घालून ओढून पाहिली.

"सुटेल भाऊ," ती म्हणाली. "परत बांधा."

त्याने परत बांधली.